एक सर आली की वणव्याचा धूर जातो? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेले आठ दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय. मला तो पाच जणांकडून आला आणि त्या पाचांपैकी एकानंही तो वाईट हेतूनं पाठवलेला नाही हे मला माहितीये. मजकूर थोडक्यात असा: "उन्हाळा आत्ता कुठे सुरू होतोय, अंदाजात 'वणव्याच्या धुरामुळे धुरकट हवा, हलक्या सरींची शक्यता' असं दिसलं तर घाबरू नका. वणवा शेकडो किलोमीटर लांब आहे, तिथला धूर इथं येईपर्यंत विरून जातो. शिवाय हा झाडांचा नैसर्गिक धूर आहे, गाड्यांच्या धुरासारखा विषारी नाही. पाऊस येतोच आहे, एक सर पडली की हवा धुऊन निघेल आणि तिकडे वणवाही विझेल. वास येत नसेल तर हवा चांगली समजा. जास्तच वाटलं तर ओला रुमाल नाकाला बांधा. आणि अंदाजवाल्यांचं ऐकू नका, त्यांना उद्याचं तापमान धड सांगता येत नाही, ते धुराचं काय सांगणार." खाली नेहमीसारखं, सगळ्या ग्रुपवर टाका.

मी हे लिहितेय त्याला कारण आमचे बाबा. त्यांना दमा आहे. मागच्या उन्हाळ्यात असाच धूर होता, दुपारी दहा-पंधरा मिनिटं शिडकावा झाला आणि बाबा "चला, हवा धुतली गेली" म्हणून फिरायला बाहेर पडले. पाऊण तासानं परत आले तेव्हा जिना चढताना मधेच थांबले, कठड्याला धरून उभे राहिले, बोलायला गेले तर वाक्य पुरं होईना. इनहेलर घेतला, मग नेब्युलायझर लावला, रात्री उशिरा श्वास जरा जागेवर आला. त्यांनी वेडेपणा केला असं मी म्हणणार नाही, पाऊस पडला की हवा स्वच्छ होते हे आपण सगळेच लहानपणापासून धरून चालतो. म्हणून मेसेजच्या क्रमानं न जाता पावसाचं वाक्य आधी घेते, कारण बाकीच्या वाक्यांनी माणूस फार तर बेफिकीर होतो, हे वाक्य मात्र त्याला नेमक्या चुकीच्या वेळी घराबाहेर काढतं.

"एक सर पडली की हवा धुऊन निघेल."

धुळीच्या बाबतीत हे खरंय, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. धुळीचे कण मोठे असतात, दहा मायक्रॉन, वीस मायक्रॉन, त्याहून मोठेसुद्धा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सर आली की धूळ बसते, झाडं हिरवी दिसायला लागतात, हे आपण डोळ्यांनी बघितलेलं असतं. पण वणव्याचा धूर म्हणजे धूळ नाही. त्यातले बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. आपला केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीत असे पन्नास-साठ कण शेजारी शेजारी सहज बसतील.

आता पावसाचा थेंब पडताना काय होतं ते बघा. थेंब खाली येताना समोरची हवा बाजूला सारत येतो. नदीच्या धारेत मधोमध खडक असला की वाहत येणारा ओंडका खडकावर आदळतो, पण सुकलेलं पान पाण्याबरोबर वळसा घालून निघून जातं, तसंच. धुळीचा मोठा कण म्हणजे ओंडका, त्याला वळता येत नाही, तो थेंबाला धडकतो आणि थेंबाबरोबर खाली येतो. एकदम सूक्ष्म कण, म्हणजे ०.१ मायक्रॉनच्याही खालचे, हवेच्या रेणूंचे धक्के खात सैरावैरा भटकत असतात आणि भटकता भटकता थेंबाला चिकटतात. मधल्या आकाराचे कण मात्र ना धडकतात ना भटकतात, सुकलेल्या पानासारखे थेंबाच्या बाजूनं सरकून जातात. ग्रीनफिल्ड नावाच्या शास्त्रज्ञानं १९५७ मध्ये याचं गणित मांडलं, म्हणून या मधल्या पट्ट्याला आजही 'ग्रीनफिल्ड गॅप' म्हणतात. साधारण ०.१ ते १ मायक्रॉनचा हा पट्टा, आणि वणव्याच्या धुराचं बरंचसं वजन नेमकं याच पट्ट्यात असतं. म्हणजे पावसाच्या झाडूला जिथं सगळ्यात मोठी फट आहे तिथंच हा धूर बसलाय.

त्यातून सर कसली, तर हलकी. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येत २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे हलका पाऊस, आणि ०.१ ते २.४ म्हणजे अतिहलका. अंदाजात 'हलक्या सरी' वाचून आपल्या डोळ्यांसमोर अंगणातून पाणी वाहतंय असं चित्र येतं, पण प्रत्यक्षात रस्ता ठिपक्या-ठिपक्यांनी ओला झाला आणि अर्ध्या तासात वाळला एवढीच ती असू शकते. तेवढ्या पावसानं तासाभरात या बारीक कणांचा जेमतेम काही टक्के हिस्सा कमी होतो, बाकीचा होता तिथेच.

एक फोटो पण या मेसेजबरोबर फिरतोय, सर येऊन गेल्यानंतरची गाडीची काच, तिच्यावर वाळलेल्या थेंबांचे राखाडी-तपकिरी गोल, आणि खाली 'बघा किती घाण खाली आली'. आमच्या गॅलरीच्या कठड्यावर पण अगदी असेच गोल उमटले होते, मी बोट फिरवून बघितलं, बोटाला खरखरीत लागलं. आता जे बोटाला खरखरीत लागतं ती राख आणि धूळ आहे, मोठे कण. ते तसेही नाकात, घशात अडकले असते, शिंकेनं किंवा खोकल्यानं बाहेर पडले असते. जे फुप्फुसाच्या तळाशी जातं, तिथल्या पातळ भिंतीतून काही अंशी रक्तापर्यंत पोचतं, ते काचेवर दिसत नाही, बोटालाही लागत नाही. तो फोटो खरा आहे, पण ज्या गोष्टीचा पुरावा म्हणून तो फिरवला जातोय त्याचा तो पुरावा नाही.

हे पण सांगायला हवं की पावसानं धूर कधीच कमी होत नाही असं माझं म्हणणं नाही. ढगाच्या आत वेगळा कारभार चालतो. तिथं धुराच्या कणांवरच वाफेचं पाणी होऊन ढगाचे थेंब बनतात आणि ते थेंब पुढे पाऊस होऊन पडले तर कण त्यांच्यासोबत उतरतात, ही सफाई चांगली जोरदार असते. पण ती होते ढगाच्या उंचीवर, आपण श्वास घेतो तो जमिनीलगतच्या हवेत. आणि धूर खूप दाट असेल तर उलटंच होतं, कण इतके जास्त असतात की पाणी सगळ्यांत वाटलं जातं, थेंब बारीकच राहतात, एकमेकांत मिसळून जड होत नाहीत, मग पडायचा तो हलका पाऊसही पडत नाही. ढग आले, मळभ दाटलं, पण सर काही आली नाही असं धुराच्या दिवसांत होतं त्यामागे हेही एक कारण असू शकतं. तासन्‌तास चालणारा संततधार पाऊस ही वेगळी गोष्ट, त्यानं हवा खरोखर निवळते.

मग लोक शपथेवर सांगतात ना, की अमक्या दिवशी पाऊस आला आणि संध्याकाळी आकाश निळंशार झालं, ते खोटं बोलतात का? अजिबात नाही. पण त्या दिवशी नुसता पाऊस आलेला नसतो, वारा बदललेला असतो. थंड हवेची आघाडी, म्हणजे गार हवेचा पुढे सरकणारा मोठा लोट, येते तेव्हा पुढे सरी असतात आणि मागून वेगळ्या दिशेनं आलेली नवी हवा असते. धुरानं भरलेली हवाच उचलून पुढे नेली जाते आणि तिच्या जागी स्वच्छ हवा येते. पाऊस दिसतो, वारा दिसत नाही, म्हणून सगळं श्रेय पावसाला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. वारा न बदलता नुसत्या चार सरी आल्या तर धूर तिथेच राहतो, आणि पुढच्या आघाडीनं वणव्याच्या दिशेचाच वारा आणला तर पाऊस पडून गेल्यावर धूर वाढतोसुद्धा.

सरीनंतर एक गोष्ट आणखी होते. हवेत दमटपणा वाढतो, धुराचे काही कण ओलावा शोषून फुगतात आणि धुकट जास्त दिसायला लागतं. घरगुती स्वस्त सेन्सर प्रकाश टाकून कण मोजतात, त्यांना हे फुगलेले कण जास्त वाटतात, म्हणून पाऊस पडल्या पडल्या अशा सेन्सरचा आकडा खऱ्यापेक्षा वर जाऊ शकतो. हे माझ्या बाजूच्या विरोधात जाणारं नाही पण कुणी तो आकडा दाखवून 'पावसानं धूर वाढला' असं म्हणायला लागलं तर तेही बरोबर नाही, म्हणून लिहून ठेवलं. सरकारी केंद्रावरच्या यंत्रात हवा आधी कोरडी करून घेण्याची सोय असते, शक्य असेल तिथं तो आकडा बघावा.

"…आणि तिकडे वणवाही विझेल."

पहिली गोष्ट, सर तुमच्या घरावर येणार आहे, वणवा तुम्हीच म्हणता तसा शेकडो किलोमीटर लांब आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पण समजा वणव्यावरच हलका पाऊस पडला, तरी काय होतं?

कॅनडात बनवलेली वणव्याच्या धोक्याची एक मोजणी आहे, फायर वेदर इंडेक्स, ती आता जगात बऱ्याच देशांत वापरतात. तिच्यात जंगलातल्या जळाऊ मालाचे तीन थर धरलेत. सगळ्यात वर सुकी पानं, काटक्या, गवत. त्याखाली अर्धवट कुजलेल्या पाल्याचा सैलसर थर. आणि सगळ्यात खाली घट्ट, खोलवरचा थर. आता नियम बघा: दिवसभरात अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पाऊस झाला तर वरच्या थरासाठीसुद्धा तो धरतच नाहीत. मधल्या थरासाठी १.५ मिलिमीटरच्या वर, आणि खालच्या थरासाठी २.८ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला तरच हिशोबात घेतात, कारण त्याआधीचं पाणी झाडांच्या माथ्यावर आणि वरच्या पाल्यातच जिरतं. वरचा थर भिजला तरी उन्हात आणि वाऱ्यात दिवसभरात परत वाळतो. खालचा थर ओला व्हायला आणि वाळायला आठवडेच्या आठवडे लागतात, आणि वणवा टिकून राहतो तो तिथं, धुमसत. धुमसणारी आग ज्वाळांपेक्षा कमी तापते, अर्धवट जळते, आणि म्हणून लाकडाच्या वजनामागे धूर जास्त सोडते. हलक्या सरीनं ज्वाळा बसल्या, धुमसणं चालू राहिलं, तर खाली राहणाऱ्यांना त्या रात्री धूर कमी मिळेल असं मुळीच नाही.

कॅनडातल्या फोर्ट मॅकमरीचा वणवा आठवा. १ मे २०१६ ला लागला, म्हणजे तिकडचा उन्हाळा धड सुरूही झाला नव्हता, बर्फ वितळलेलं, नवीन पालवी यायची होती, गेल्या वर्षीचं गवत वाळून उभं होतं. सुमारे ८८ हजार माणसांना गाव सोडावं लागलं. तो पूर्ण विझल्याचं जाहीर झालं २ ऑगस्ट २०१७ ला. मधे सरी आल्या, थंडी आली, एक अख्खा हिवाळा बर्फ पडून गेला. आग जमिनीखाली धुमसत राहिली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या गडगडाटी ढगांचं आणखी एक वागणं आहे. खालची हवा कोरडी असली की पाऊस वाटेतच सुकून जातो, ढगाखाली लोंबणाऱ्या करड्या झालरी दिसतात पण जमिनीवर थेंब नाही. पाणी सुकताना हवा गार होते, जड होते आणि धाडकन खाली येऊन चहूकडे पसरते. आगीला फुंकर. ३० जून २०१३ ला अमेरिकेत ॲरिझोनातल्या यार्नेल हिलच्या वणव्यात अशाच ढगांतून निघालेल्या वाऱ्यानं आगीची दिशा फिरवली आणि आग विझवायला गेलेले १९ जवान त्यात गेले. ऑगस्ट २०२० मध्ये कॅलिफोर्नियात काही दिवसांत दहा हजारांच्या वर विजा पडल्या, पाऊस जवळपास नाहीच, आणि शेकडो नव्या आगी लागल्या. त्यामुळे वणव्याच्या भागात 'हलक्या सरी, गडगडाट' असा अंदाज असला की विझवणारे निर्धास्त होत नाहीत, जास्त सावध होतात. मला वाटतं हे एक वाक्य तरी त्या मेसेजमध्ये असायला हवं होतं.

याच मुद्द्याला जोडून एका ग्रुपवर सॅटेलाइटचे दोन नकाशे आले, काल लाल ठिपके किती, आज किती कमी, म्हणजे वणवे विझले. हे ठिपके जमिनीची उष्णता बघून टाकलेले असतात. वर दाट ढग आले की त्या यंत्राला खालची आग दिसत नाही. सरींच्या दिवशी ठिपके कमी होतात त्यातले कितीतरी विझलेले नसतात, झाकलेले असतात. ढग हटले की परत बघायचं, त्याआधी आनंद करायचा नाही.

"लांब आहे, इथं येईपर्यंत विरून जातो."

सप्टेंबर १९५० मध्ये ब्रिटनमध्ये लोकांनी निळा सूर्य आणि निळा चंद्र बघितला होता. तो रंग आला होता पश्चिम कॅनडातल्या वणव्यांच्या धुरामुळे, म्हणजे धूर अटलांटिक ओलांडून गेला होता. जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाचा धूर प्रशांत महासागर पार करून चिली आणि अर्जेंटिनाच्या आकाशात पोचला. आता हे खरंय की इतक्या लांब जाणारा धूर बहुतेक वेळा खूप उंचावर असतो, जमिनीवर त्याचा त्रास कमी होतो. पण नेहमी नाही. ७ जून २०२३ ला न्यूयॉर्कमध्ये आकाश नारिंगी झालं तेव्हा वणवे होते शेकडो किलोमीटर उत्तरेला, कॅनडाच्या क्युबेकमध्ये, आणि शहराच्या हवेचा निर्देशांक ४०० च्या वर गेला होता, अमेरिकेच्या मोजणीत ३०० च्या वर गेलं की 'धोकादायक' म्हणतात. त्या वर्षी कॅनडात दीड कोटी हेक्टरच्या आसपास जंगल जळालं. तेव्हा प्रश्न वणवा किती लांब आहे हा नाहीच, वारा कुठून आहे आणि धूर कुठल्या उंचीवर आहे हा आहे. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि दिवसा खाली आलेला धूर खोलगट भागात कोंडून राहतो, म्हणून पहाटे आकडा बरेचदा सगळ्यात वाईट असतो. आणि पहाटेच तर लोक फिरायला जातात.

"नैसर्गिक धूर आहे."

सापाचं विषही नैसर्गिकच आहे. लाकडाच्या धुरात बेंझिन असतं, फॉर्मल्डिहाइड असतं, ॲक्रोलिन असतं, कार्बन मोनॉक्साइड असतं, आणि या सगळ्याबरोबर पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन आणि त्याखालचे कण. आणि वणवा वस्तीत शिरला की झाडंच जळतात असं थोडंच आहे, वायरी जळतात, रंग जळतो, गाद्या, गाड्या, प्लास्टिक. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये २४ तासांसाठी पीएम २.५ ची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम धरली, त्यात नैसर्गिक कणांना वेगळी सूट दिलेली नाही. त्याच वर्षी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या १९९९ ते २०१२ या १४ वर्षांच्या हॉस्पिटलच्या नोंदी तपासून एक अभ्यास आला. पीएम २.५ दहा मायक्रोग्रॅमनं वाढलं की श्वसनाच्या त्रासानं दाखल होणारे किती वाढतात, तर इतर स्रोतांच्या कणांनी साधारण एक टक्का, वणव्याच्या धुरानं मात्र १.३ पासून १० टक्क्यांपर्यंत. म्हणजे मेसेज जे सांगतो त्याच्या बरोबर उलट.

वासाचं थोडक्यात. वास असतो तो धुरातल्या वायूंचा, ते प्रवासात बदलतात, विरतात. कण राहतात. दोन दिवस जुना धूर कधी कधी बिनवासाचा, नुसत्या पांढुरक्या धुक्यासारखा दिसतो, वर आपलं नाक पण थोड्या वेळात सरावतं. डोळ्यांवरही विसंबून चालत नाही. ९ सप्टेंबर २०२० ला सॅन फ्रान्सिस्कोत भर दुपारी दिवे लावावे लागले इतकं आकाश नारिंगी-काळं होतं, पण समुद्रावरून आलेल्या गार हवेच्या थरानं धूर वरच अडवून धरला होता, त्या दिवशी खालची हवा त्यामानानं बरी होती. पुढच्या दिवसांत आकाश साधं राखाडी झालं आणि हवा मात्र खूप वाईट झाली.

"ओला रुमाल पुरेसा आहे."

नाही. रुमालाच्या विणीतली भोकं या कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात. ओला केल्यानं गार वाटतं, राखेचे मोठे कण थोडे अडकतात, आणि 'काहीतरी केलं' म्हणून माणूस बाहेर जास्त वेळ थांबतो, हा त्याचा खरा तोटा. एन९५ मास्क सुमारे ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो, म्हणजे नेमका तोच पट्टा जिथं पावसाची सफाई अपुरी पडते. पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तर. नाकावरची पट्टी दाबून बसवायची, दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा, कडेनं वारा लागला तर तो मास्क काम करत नाहीये. दाट दाढी असेल तर तो नीट बसतच नाही. लहान मुलांच्या चेहऱ्याला मोठ्यांचा मास्क बसत नाही, त्यांना सरळ घरात ठेवलेलं बरं. ज्यांना आधीच दम लागतो त्यांना मास्कनं श्वास जड वाटू शकतो, त्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावं, आमच्या बाबांना डॉक्टरांनी मास्कपेक्षा बाहेर जाणंच टाळा असं सांगितलं.

घरात राहायचं तर एक खोली पकडा. खिडक्या बंद, दाराखालच्या फटीला टॉवेल, एसी असेल तर बाहेरची हवा ओढणं बंद करून आतलीच हवा फिरवायची. हेपा फिल्टरवाला, म्हणजे बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा, प्युरिफायर असेल तर त्याच खोलीत चालू ठेवा. नसेल तर चौकोनी पंख्याला चांगल्या दर्जाचे फिल्टर चिकटवून ठोकळा बनवतात, रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल यांच्या कल्पनेतून २०२० मध्ये ही पद्धत आली, दिसायला ओबडधोबड पण काम चांगलं करते. ओझोन सोडणारी यंत्रं मात्र घेऊ नका, ओझोन स्वतःच फुप्फुसाला त्रास देतो. आणि त्या खोलीत काहीही जाळायचं नाही, मेणबत्तीसुद्धा नाही.

राहिला तो "अंदाजवाल्यांना तापमानही सांगता येत नाही" हा मुद्दा, आणि मला सगळ्यात वाईट याचं वाटतं, कारण लोकांनी एकदा अंदाज बघणंच सोडलं की पुढच्या सगळ्या सूचना वाया. धुराच्या दिवशी कमाल तापमान अंदाजापेक्षा काही अंश कमी राहतं हे खरंय, बरेचदा होतं. कारण दाट धूर सूर्याचा प्रकाश वरच्या वर अडवतो आणि हवामानाचा अंदाज काढणाऱ्या पुष्कळ नेहमीच्या कॉम्प्युटर मॉडेल्समध्ये आजचा धूर आज किती आहे हे घातलेलंच नसतं. मॉडेल स्वच्छ आकाश समजून चालतं, जमीन तेवढी तापत नाही. जमीन कमी तापली की हवा वर उसळत नाही, मग दुपारी धूर वरच्या हवेत मिसळून पातळ व्हायचा तोही होत नाही, ढगही हवे तसे वाढत नाहीत. म्हणजे तापमानाचा अंदाज चुकला ही धूर दाट असल्याची खूण झाली, धुराची काळजी सोडून देण्याचं कारण नाही. धुराचा हिशोब करणारी मॉडेल्स आता आहेत, अमेरिकेत असं एक डिसेंबर २०२० पासून रोजच्या कामात आहे, युरोपची कोपर्निकस सेवा सगळ्या जगासाठी पाच दिवसांचा धुराचा अंदाज देते. त्यांची अडचण वेगळी आहे. उद्या आग किती भडकेल, किती धूर सोडेल हे आजच्या सॅटेलाइटच्या उष्णतेवरून ताडावं लागतं, आणि ढग असले तर तेही दिसत नाही. म्हणून उद्याच्या अंदाजावर बऱ्यापैकी भरवसा ठेवावा, चौथ्या-पाचव्या दिवसाचा नुसता कल म्हणून बघावा.

आकडा बघताना एवढं लक्षात ठेवा की हवेचा निर्देशांक बऱ्याच ठिकाणी २४ तासांच्या सरासरीवर काढतात. सकाळी धूर आला तर दुपारपर्यंत तो आकडा चांगलाच हवेचा दाखवू शकतो आणि धूर गेल्यावरही वाईट दिसत राहतो. ताशी पीएम २.५ मिळत असेल तर ते बघा, आणि शेजारी वाऱ्याची दिशा. पावसाचं चिन्ह त्यानंतर.

आमच्याकडे आता असं ठरलंय की सर येऊन गेली तरी बाबा लगेच उठत नाहीत. वारा फिरला, ताशी आकडा सलग दोन-तीन तास खाली राहिला, की आधी समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडायच्या, कारण बाहेरची हवा निवळली तरी आत शिरलेला धूर तासन्‌तास आतच असतो. तो निघून जाईपर्यंत पंखे जोरात, आणि मग चपला.